विचारमंथन आणि कच्चे नमुने : डिझाइनच्या अभ्यासक्रमातील मननलेख कसा लिहावा

प्रकल्प संपल्यावर मननलेख मागितला की बहुतेक विद्यार्थी ‘आम्ही चर्चा केली, नमुना केला, तो सर्वांना आवडला’ असा क्रमवार अहवाल देतात; मीही पहिल्यांदा तेच केले होते. मननलेखात सांगायचे असते ते वेगळेच : आपला विचार कोठे बदलला आणि कशामुळे. हे महिन्याभराने आठवून लिहिता येत नाही, म्हणून त्याची तयारी पहिल्या बैठकीपासून करावी.

आमचा विषय होता वर्धा जिल्ह्यातील कापूस वेचणाऱ्या बायांसाठी कमरेला बांधायची झोळी. बैठकीपूर्वी प्रश्न एका वाक्यात लिहून त्यावर तारीख घालावी. प्रश्न किती नेमका असू शकतो, हे खादीचा प्रसार करणाऱ्या अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर करताना घातलेल्या अटींवरून कळते : यंत्र खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावे, बाईला त्यावर आठ तास फारसे न थकता काम करता यावे आणि किंमत १५० रुपयांवर जाऊ नये. त्यापुढे आमचे ‘चांगली झोळी’ हे शब्द फारच मोघम होते. ‘झोळी भरत आली तरी कमरेला काचू नये’ असे लिहिल्यावर कामाला दिशा मिळाली.

कल्पना मांडताना कोणीही टीका करू नये, हा विचारमंथनाची पद्धत मांडणाऱ्या अलेक्स ऑस्बॉर्न यांचा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण तेवढ्याने भागत नाही. डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की गटात बसलेल्यांपेक्षा तितक्याच माणसांनी एकेकट्याने सुचवलेल्या कल्पनांची बेरीज जास्त भरते, कारण गटात आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. गावच्या बैठकीत त्यात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे सासूसमोर सून सहसा बोलत नाही. म्हणून आधी दहा मिनिटे प्रत्येकाने एकट्याने चिठ्ठ्यांवर लिहावे किंवा चित्र काढावे, आणि ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्याशी वेगळे बसून बोलावे. चिठ्ठ्यांना क्रमांक द्यावेत. वगळलेल्या चिठ्ठ्या फेकू नयेत. त्या का वगळल्या हे त्यांच्या मागेच लिहावे, कारण मननलेखाचा सर्वांत सकस भाग बहुधा तेथूनच निघतो.

नमुना खताच्या रिकाम्या पोत्याचा, सुतळीने टाचलेला, तासाभरात होईल असाच करावा. सुबक नमुन्याला समोरचा माणूस नावे ठेवत नाही, आणि आपल्यालाही तो मोडवत नाही. तो वावरात न्यावा, पऱ्हाटीच्या ओळीत प्रत्यक्ष वेचणी होऊ द्यावी आणि आपण गप्प राहावे. आम्हाला सगळ्या जणी ‘मस्त हाये’ म्हणाल्या. पण एकीने काही न बोलता कमरेचा पट्टा सोडून खांद्यावर घेतला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांचे शब्द लिहून घेतले आणि तिच्या हातांची हालचाल नोंदवायची राहून गेली. ती आठवली दुसरा नमुनाही कमरेलाच काचू लागला तेव्हा. खांद्याच्या पट्ट्याची कल्पना आमच्या वगळलेल्या चिठ्ठ्यांत आधीपासून पडून होती.

लेख लिहायला बसताना सुरुवात अशाच एका क्षणापासून करावी. आधी काय मानले होते, वावरात काय दिसले आणि पुढच्या नमुन्यात नेमके काय बदलले, हे चिठ्ठीचा क्रमांक व तारीख देऊन लिहावे, आणि ज्या बदलाचे कारण सांगता येत नाही तो बदलही तसाच नोंदवावा.