पुण्याहून हैदराबादला, डिकीत पीसी घालून

हडपसरला माझं कॉम्प्युटर असेंब्लीचं दुकान आहे. दिवाळी जवळ आली की पोरं विचारायला लागतात, "दादा, ड्रीमहॅकला पीसी गाडीतून नेला तर चालेल का?" चालतो. पण तो कसा ठेवलाय, यावर सगळं आहे. मशीनला मार बसतो तो रस्त्यात, गेमच्या हॉलमध्ये नाही.

ड्रीमहॅक म्हणजे व्हिडिओ गेमवाल्यांचं संमेलन, मूळचं स्वीडनचं. नव्वदच्या दशकात शाळेतली पोरं आपापले कॉम्प्युटर उचलून एका तळघरात जमली, तिथून सुरुवात. आपल्याकडे 2018च्या डिसेंबरात ते मुंबईत गोरेगावच्या नेस्कोला झालं, पुढे हैदराबादच्या हायटेक्स प्रदर्शन केंद्रात नोव्हेंबरात. आपला पीसी नेऊन खेळायच्या प्रकाराला बीवायओसी म्हणतात. त्याचं तिकीट साध्या प्रवेशाहून वेगळं असतं, आणि त्या वर्षी ते आहे का, रात्री हॉल उघडा राहतो का, हे विचारल्याशिवाय एकही वायर काढू नका. बीवायओसी नसेल तर टॉवर, म्हणजे पीसीचं कॅबिनेट, घरी ठेवा, लॅपटॉप घ्या आणि मजेत जा.

नेणार असाल तर आदल्या रात्री ग्राफिक्स कार्ड काढा. हल्लीची कार्डं किलो-दीड किलोची. मदरबोर्डवरच्या स्लॉटला लटकलेलं एवढं वजन साडेपाचशे किलोमीटर हादरे खात गेलं की आधी स्लॉट जातो. पॉवरची वायर काढा, स्क्रू सोडवा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा आणि मगच कार्ड सरळ वर ओढा. खिट्टी न दाबता ओढलेले बोर्ड माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा काय सांगायचं ते मलाही सुचत नाही. कार्ड त्याच्या मूळ खोक्यात, अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून जपणाऱ्या) पिशवीत. खोकं फेकलंय? मग पिशवी दुकानात मागा, कुणीही देईल. घरातली साधी प्लास्टिकची पिशवी वापरू नका.

प्रोसेसरवर मोठा एअर कूलर असेल तर तो काढायच्या भानगडीत पडू नका, पुन्हा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) लावत बसावं लागतं. त्यापेक्षा कॅबिनेट आडवं घाला, मदरबोर्ड खाली, काचेची बाजू वर. म्हणजे कूलर सरळ उभा राहतो, लटकत नाही. काच मात्र काढा आणि चादरीत गुंडाळून पुढच्या सीटच्या मागे उभी ठेवा. कॅबिनेटखाली जुनी रजाई. मॉनिटर नेहमी उभा, स्क्रीन मऊ बाजूला, आणि त्याच्यावर कुणाचीही बॅग नाही. हे शेवटचं दर वेळी ओरडून सांगावं लागतं.

सेडानच्या डिकीत दोन टॉवर बसतात, मॉनिटर मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये. अर्टिगा असेल तर तिसरी रांग पाडा, चौघांचं सगळं बसतं. पाचवा मित्र बसने येईल. तो रुसेल, रुसू दे.

वायरींची पिशवी वेगळी ठेवा: दहा मीटरची लॅन केबल, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड, हेडफोन. प्रत्येक वायरवर नाव चिकटवा, कारण हॉलमध्ये सगळ्यांच्या वायरी काळ्याच असतात. स्पीकर नेऊ नका. गेम घरूनच अपडेट करा आणि ऑनलाइन असताना एकदा उघडून पाहा. तिथे शंभर जण एकाच वेळी डाउनलोड करत असतात. अजून एक, बऱ्याच घरी केबलवाल्याने इंटरनेट जोडताना आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, हाताने भरलेला असतो. तो ऑटोमॅटिकवर करा, नाहीतर नेटवर्क सापडणार नाही आणि तुम्ही केबलला शिव्या देत बसाल.

आता रस्ता. हडपसरहून पहाटे पाचला निघा. आदल्या रात्री निघून 'पहाटे पोचू' हा बेत मला पटत नाही. नोव्हेंबर म्हणजे उसाचा हंगाम. इंदापूर-टेंभुर्णीच्या पट्ट्यात अंधारात ट्रॅक्टरमागे उसाच्या डबल ट्रॉल्या, बऱ्याचशा रिफ्लेक्टरविना. झोपाळू ड्रायव्हरला त्या दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. भिगवणला उजाडतं, सोलापूरला नाश्ता होतो. तिथे जवळजवळ अर्धी वाट झालेली असते, ड्रायव्हर बदला. पुढे नळदुर्ग-उमरगा भागात काम चालू असेल तर वेग उतरवा, डिकीतल्या रजाईची परीक्षा तिथेच होते. मग कर्नाटकात हुमनाबाद, तेलंगणात जहीराबाद, संगारेड्डी. पेट्रोल हुमनाबादच्या बाजूला भरा, तेलंगणात लिटरमागे जास्त जातात.

पटनचेरूजवळ शहरात न शिरता आउटर रिंग रोड धरा आणि गच्चीबावलीच्या बाजूला उतरा. हायटेक्स तिथून जवळ. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर तो राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर चालतो, रिंग रोडवर नाही, तेव्हा फास्टॅगमध्ये वेगळे पैसे ठेवा. राहायला कोथागुडा किंवा कोंडापूर बघा. हॉटेलला फोन करून दोनच गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि पार्किंग आत आहे का. पीसी रात्रभर गाडीत ठेवायचा नाही. तिसऱ्या मजल्यावर टॉवर जिन्याने चढवले की संध्याकाळच्या बिर्याणीआधीच भांडणं होतात.

पोचल्यावर मशीन लगेच चालू करू नका. कार्ड बसवा, रॅम आणि पॉवरच्या वायरी दाबून पाहा, मगच बटण. कॉस्प्लेवाला, म्हणजे गेममधल्या पात्राचा वेष करणारा, मित्र असेल तर त्याची तलवार फोमची असू दे, दारावर प्रॉप तपासतात.

परत रविवारी रात्री निघायचं नाही. तीन दिवस झोप नसते आणि उसाच्या ट्रॉल्या तशाच असतात. सोमवारची रजा आधीच टाका. येताना सोलापूरला शेंगाचटणी घ्या आणि पैशाचा हिशोब टेंभुर्णीच्या चहाला मिटवून टाका. पेट्रोल आणि टोल गाडीवाला सोडून बाकीच्यांनी वाटून घ्यायचा, टायर त्याचे झिजलेत. हडपसरचा ट्रॅफिक लागला की हिशोबाला कुणीच फोन उचलत नाही.