बॅश की पायथन? बाजारभावाच्या फायलींवर काम करताना या चुका टाळा

रावेरचा केळी व्यापारी असो, धुळ्याची जिनिंग असो की नंदुरबारचा मिरचीचा आडत्या, ऑफिसातलं काम साधारण सारखंच. रोजच्या भावाच्या आणि वजनाच्या सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या) फायली गोळा करायच्या, बेरीज-सरासरी काढायची, संध्याकाळी तक्ता व्हॉट्सॲपवर टाकायचा. कोणी हे बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड चालवणारी भाषा) लिहितं, कोणी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, आणि मग 'भारी कोण' यावर वाद रंगतो. त्या वादात फारसा दम नाही. फायली हलवणं, नाव बदलणं, झिप करणं, एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणं ही बॅशची कामं. तिथे पायथनच्या दहा ओळी होतात त्या बॅशच्या एकीत मावतात. फाईल उघडून आतला मजकूर आणि आकडे समजून घ्यायचे असतील, तर ते काम पायथनचं. पुढच्या बहुतेक चुका ही वाटणी उलटी झाल्यामुळे होतात.

आकडे देवनागरीत आले की

मोबाईलवर मराठी कीबोर्ड असतो, त्यामुळे 'नवती' केळीच्या भावाच्या रकान्यात कोणीतरी १२५० हे देवनागरीतच टाकतं. बॅशच्या स्क्रिप्टमधून ऑक ही मजकुरावर काम करणारी कमांड वापरून बेरीज केली, तर ऑक या आकड्याला शून्य धरतो. एरर नाही, इशारा नाही; सरासरी तेवढी खाली येते आणि वाटतं, भाव पडला. पायथनचं इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) मात्र देवनागरी अंक सरळ वाचतं आणि १२५० च देतं. फक्त आकड्यात स्वल्पविराम असेल तर आधी तो काढून टाका, नाहीतर व्हॅल्यूएरर येईल.

पायथनवाल्यांनीही लगेच खूश होऊ नये. पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीने सीएसव्ही वाचली की देवनागरी आकड्यांचा रकाना मजकूर म्हणूनच राहतो, आणि त्याची बेरीज मागितली की आकडे एकमेकांना चिकटून एक लांबलचक दोरी तयार होते. रकान्यावर आधी इंट लावा, मग बेरीज करा.

जळगाव चालतं, धुळे अडतं

विंडोजवर पायथनच्या ओपनला (फाईल उघडणारं फंक्शन) एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत, सांगितलं नाही, तर आजवरच्या नेहमीच्या आवृत्त्या विंडोजचं स्वतःचं कोडपेज (जुनं एन्कोडिंग) धरतात. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते बहुधा १२५२ असतं. फाईल यूटीएफ-८ मध्ये असेल तर गंमत बघा: फक्त जळगाव, रावेर, यावल, चोपडा अशी नावं असतील तर प्रोग्राम गपगुमान चालतो, पण वाचतो तो सगळा कचरा. धुळे, भुसावळ किंवा नंदुरबार आलं की 'कॅरमॅप' नावाची एरर देऊन कोसळतो. कारण ऱ्हस्व उकाराच्या तीन बाइटांपैकी शेवटचा बाइट त्या कोडपेजमध्ये रिकामा आहे. जोडाक्षरातल्या हलन्ताचंही तसंच. म्हणून 'कालपर्यंत चालत होतं' यावर जाऊ नका. काल फाईलमध्ये धुळे नसेल. प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. एक्सेलमध्ये उघडायची फाईल लिहिताना यूटीएफ-८-सिग वापरा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठीच्या जागी चिन्हांचा गुंता दिसतो. आणि सीएसव्ही लिहिताना न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या. न दिल्यास विंडोजवर दर ओळीनंतर एक कोरी ओळ येते.

बॅशचा याच विषयातला घोळ वेगळा आहे. 'केळी' या शब्दाची लांबी यूटीएफ-८ लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) ४ येते, सी लोकेलमध्ये १२, कारण तिथे बाइट मोजले जातात. टर्मिनलमध्ये तपासलं तेव्हा बरोबर, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय), म्हणजे बहुधा सी लोकेलमध्ये, चाललं की चूक, हे त्यामुळेच. बऱ्याच लिनक्सवर कट कमांड अक्षरं मागितली तरी बाइटच मोजते आणि अक्षर मधोमध चिरते. मराठी मजकूर कापायचं काम बॅशला देऊच नका.

बॅशच्या खोड्या

'रावेर नवती भाव' अशी जागा सोडून नाव दिलेली फाईल व्हॉट्सॲपवरून येणारच. व्हेरिएबलला डबल कोट नसेल तर बॅश त्याचे तीन तुकडे करतो आणि तीन फायली शोधत बसतो. कोट घालायची सवय लावा, अपवाद शोधू नका.

तारखेवर गणित करताना ०८ आणि ०९ ला सुरुवातीच्या शून्यामुळे बॅश अष्टमान पद्धतीचे (० ते ७ अंकांचे) आकडे समजतो. अष्टमानात ८ नाहीच, म्हणून स्क्रिप्ट १ ते ७ तारखेला चालते, ८ आणि ९ ला आडवी होते, १० पासून पुन्हा सुरळीत. आकड्याआधी '१०#' लिहिलं (इंग्रजी अंकांत) की दशमान धरलं जातं.

भाव १२०० पेक्षा जास्त आहे का, अशा तुलनेत एकेरी चौकटी कंसात > वापरलं तर ती तुलना होतच नाही. बॅश ते आउटपुट वळवणं समजतो, फोल्डरमध्ये १२०० नावाची रिकामी फाईल तयार होते आणि अट कायम खरी ठरते. दुहेरी चौकटी कंसात > चालतं, पण तुलना अक्षरांची होते; म्हणजे ९०० हे १२०० पेक्षा मोठं. आकड्यांसाठी मायनस जीटी वापरा. भागाकारही पूर्णांकातच होतो: ७ भागिले २ म्हणजे ३. क्विंटलचे पैसे काढायला हे कामाचं नाही. पायथनचा फ्लोटही (दशांश आकडा) पैशांसाठी काटेकोर नाही. तिथे डेसिमल मॉड्यूल घ्या.

नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर 'फाईल सापडत नाही' म्हणते आणि फाईल तर समोर दिसते. हा विंडोजच्या ओळ-शेवटाचा प्रताप. डॉसटूयुनिक्स ही कमांड चालवा.

चूक झाली, पण कळली नाही

कर्ल या इंटरनेटवरून आणणाऱ्या कमांडने भावाचं पान आणायचं, ते पाइपने (एकीचं आउटपुट दुसरीला जोडून) सॉर्टला, म्हणजे क्रम लावणाऱ्या कमांडला, द्यायचं. साइटवर ४०४ (पान सापडलं नाही) आलं तरी कर्ल यशस्वी म्हणूनच परततो. मायनस एफ दिला तरच तो नापास होतो. तो नापास झाला तरी पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवर ठरतो, म्हणजे सॉर्टवर, आणि सॉर्ट पास असतो. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल चालू करा, म्हणजे आधीची कमांड फसली तरी पाइप नापास ठरतो. पायथनमध्ये हीच चूक सबप्रोसेसच्या रनमध्ये (बाहेरची कमांड चालवताना) होते: चेक ट्रू लिहिलं नाही तर कमांड फसली तरी प्रोग्राम पुढे जातो. तिथे कमांड एका स्ट्रिंगमध्ये जोडून शेल ट्रू करू नका. तुकड्यांची लिस्ट द्या, म्हणजे फाईलच्या नावातल्या मोकळ्या जागेचा त्रास उरत नाही.

क्रॉनला तुमचं फोल्डर, तुमचा पाथ, तुमचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट यातलं काहीच माहीत नसतं. पूर्ण पत्ते लिहा, पायथनचाही. क्रॉनच्या कामांच्या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबच्या ओळीत, % आलं की तिथून पुढचा भाग कमांडमध्ये धरला जात नाही. फाईलच्या नावात तारीख घालणारे इथे हमखास अडकतात. % च्या आधी बॅकस्लॅश द्या.

लाईट गेली तर

उन्हाळ्यात लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. प्रोग्राम तक्ता लिहीत असताना गेली, तर फाईल अर्धी राहते आणि कालची चांगली फाईलही पुसलेली असते, कारण उघडल्या क्षणीच ती रिकामी होते. दोन्ही भाषांत उपाय एकच: नव्या तात्पुरत्या फाईलमध्ये लिहा, पायथनमध्ये फ्लश आणि एफसिंक करा, बॅशमध्ये सिंक द्या, म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर जातो, आणि मग नाव बदला. पायथनमध्ये ओएस-रिप्लेस, बॅशमध्ये एमव्ही. तात्पुरती फाईल मात्र त्याच फोल्डरमध्ये ठेवा. टेम्प फोल्डर बऱ्याचदा वेगळ्या पार्टिशनवर असतं. तिथून एमव्ही केलं की नुसतं नाव बदलत नाही, सगळी फाईल नव्याने कॉपी होते, आणि लाईट नेमकी तेव्हाच गेली तर अर्धी फाईल पुन्हा हातात येते.