कोल्हापुरात वर्गात जिवंत समुद्री शेवाळ कसं आणायचं आणि कसं जगवायचं

समुद्रातली इकॉलॉजी शिकवायची म्हटलं की सगळे केल्पच्या, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाच्या जंगलाचे व्हिडिओ दाखवतात, कॅलिफोर्नियातलं जायंट केल्प चांगल्या दिवसांत दिवसाला अर्धा मीटर वाढतं वगैरे. ते भारीच आहे, पण केल्पला थंड पाणी लागतं, आपल्या किनाऱ्यावर ते उगवत नाही आणि बाहेरून मागवलंच तर पाणी गार ठेवायला चिलर लागणार. त्यापेक्षा कोकणात मिळणारं सरगॅसम आणा. केल्पच्या भावकीतलंच तपकिरी शेवाळ आहे, पात्या आहेत, तरंगायला हवेचे फुगे आहेत, खडकाला धरून ठेवणारा होल्डफास्टपण आहे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पावसाळ्यात खडकावर जायचंच नाही, आणि एप्रिल-मेमध्ये वर्गातलं पाणी इतकं तापतं की काही टिकत नाही. आंबा घाटातून रत्नागिरी नाहीतर देवगडजवळ कुणकेश्वर, कुठलाही खडकाळ किनारा चालेल. मालवणचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथलं काही उचलायचं नाही. बाकी ठिकाणीसुद्धा आधी गावात विचारा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास ओहोटी जास्त खाली जाते, टायमिंग बघून निघा आणि पाणी चढायला लागलं की पोरांना लगेच मागं घ्या.

शेवाळ उपटू नका, कात्रीनं वरचा भाग कापा आणि बुडखा तसाच राहू दे म्हणजे तिथं परत फुटतं. होल्डफास्ट दाखवायचा असेल तर सुट्या छोट्या दगडावरचं एखादंच घ्या. एका टाकीला मूठभर पुरे, जास्त आणलं की सडतं आणि पाणी नासतं.

आणायची पद्धत महत्त्वाची आहे. पाण्यात बुडवून आणू नका, बंद डब्यातल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, पिशवीत घाला आणि मासेवाल्याकडं असतो तसल्या थर्माकोलच्या बॉक्समध्ये ठेवा, सोबत बर्फाची बाटली पण कापडात गुंडाळून, थेट लागू द्यायची नाही. समुद्राचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये भरपूर घ्या, कारण पुढचे आठवडे तेच लागणार. ते संपलं तर ॲक्वेरियमच्या दुकानात सी सॉल्ट मिळतं, लिटरला साधारण 35 ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ घालून भागत नाही, समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं.

टाकी काचेची नाहीतर प्लॅस्टिकची घ्या, आत धातू नको. एअर पंप चोवीस तास चालू, एलईडी दिवा रोज दहा-बारा तास, पण खिडकीतलं थेट ऊन नको, पाणी तापतं. पाण्याच्या पातळीला मार्करनं रेघ मारा. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून पातळी उतरली की साधं गोडं पाणीच घालायचं, नळाचं असेल तर एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेलं. आठवड्याला एक तृतीयांश पाणी काढून तेवढंच समुद्राचं किंवा सी सॉल्टचं पाणी घाला. पात्या मऊ पडून वास यायला लागला की तेवढा तुकडा लगेच काढा.

आता खरी मजा. आणल्या दिवशीच एक फांदी पांढऱ्या ट्रेमध्ये समुद्राच्या पाण्यात हलवा, बारीक कोळंबीसारखे किडे, गोगलगायी, कधी नखाएवढा खेकडा असं काय काय बाहेर पडतं. हे मोजायला लावा, चित्रं काढायला लावा, कोण शेवाळ खातंय आणि कोण नुसतं लपायला आलंय यावर पोरांना भांडू दे. माझ्या मते इकॉलॉजीचा धडा इथंच होतो, बाकी सगळं त्याच्या मागं. मग एक फांदी तशीच आणि एक फुगे कापून पाण्यात सोडा, कुठली बुडते बघा आणि पंचगंगेतल्या केंदाळाचा (जलपर्णीचा) फुगीर देठ कापून तुलनेला शेजारी ठेवा. एक पाती गरम पाण्यात बुडवली की तपकिरीची हिरवी होते, तपकिरी रंगामागं झाकलेलं क्लोरोफिल दिसायला लागतं. गरम पाणी मात्र शिक्षकांनीच हाताळायचं.

प्रयोग संपल्यावर टाकीतलं पाणी आणि शेवाळ रंकाळ्यात किंवा नदीत टाकू नका. शेवाळ गोड्या पाण्यानं धुऊन वाळवा, एक-दोन नमुने वर्तमानपत्रात दाबून वहीत लावा, उरलेलं कंपोस्टमध्ये, आणि खारट पाणी ड्रेनेजमध्ये, बागेत नाही.