लैंगिक चित्रणावर जाहीर आक्षेप कसा मांडावा

मुंबईत एखाद्या वाचनालयाच्या परिसंवादात किंवा सोसायटीच्या सभागृहात गाजलेल्या चित्रपटातील वा कादंबरीतील लैंगिक प्रसंगांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात: 'ही आपली संस्कृती नव्हे' आणि 'आवडत नसेल तर पाहू नका'. या दोहोंपैकी कोणत्याही वाक्याने चर्चा पुढे सरकत नाही, त्यामुळे ज्याला खरोखर आक्षेप नोंदवायचा आहे त्याने थोडी पूर्वतयारी करूनच बोलायला उभे राहावे.

सर्वांत आधी ती कलाकृती पूर्ण पाहावी किंवा वाचावी. मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून बोलणाऱ्याला समोरचा पहिल्याच प्रश्नात गप्प करतो, आणि ते योग्यच आहे. लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेवर, ती 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात छापून आल्यानंतर, अश्लीलतेचा खटला झाला आणि खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी ठरवले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये, संपूर्ण कथा विचारात घेऊन, त्यांना निर्दोष ठरवले. लैंगिकतेचा नुसता उल्लेख अश्लील मानला तर किशोरवयीनांना निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असेही त्या निकालात म्हटले आहे. न्यायमूर्तींनी घेतले तेवढे कष्ट वक्त्याने घ्यायला हरकत नसावी.

पाहताना वा वाचताना टिपणे काढावीत, मात्र किती उघडे दाखवले याची मोजदाद करत बसू नये, कारण अंगभर साडीतले दृश्यही ओंगळ असू शकते आणि संपूर्ण नग्नतेचे दृश्य करुण असू शकते. नोंदवायचे ते वेगळेच आहे. समजा, नायिकेच्या पहिल्या प्रवेशात कॅमेरा तिच्या चेहऱ्याआधी कमरेवर थांबतो, त्या दृश्यात तिला एकही संवाद नाही आणि पुढे तिने दिलेला नकार विनोद म्हणून वापरला आहे; या तीन गोष्टी क्रमाने सांगितल्या की श्रोत्याला आक्षेप आपोआप कळतो, 'बीभत्स' हा शब्द उच्चारावाही लागत नाही. कादंबरीत प्रसंग कोणाच्या नजरेतून सांगितला आहे आणि तो वगळला तर कथानकाचे काय बिघडते, हे पाहावे. काही बिघडत असेल, तर तसे प्रांजळपणे मान्य करावे.

टीकेचा रोख लेखक, दिग्दर्शक आणि संकलक यांच्या निर्णयांवर असावा. अभिनेत्रीच्या खासगी आयुष्यावर घसरणे हे टीकाकाराचे नेहमीचे पाप आहे, आणि दिग्दर्शकाला त्यातून फुकटची सुटका मिळते.

यानंतर आपली मागणी नेमकी कोणती ते ठरवावे, कारण नापसंती, वयाच्या वर्गवारीविषयीची तक्रार आणि बंदी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चित्रपटगृहातील चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' वर्गाचे (म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या चित्रपटांचे) ७, १३ आणि १६ वर्षे असे पोटविभाग झाले आहेत. मुलांनी हे पाहू नये एवढेच म्हणणे असेल, तर वर्गवारीबद्दल बोलावे. पुस्तकाला असे पूर्वप्रमाणपत्र नसते. तिथे फौजदारी कायदाच उरतो, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९४, आणि त्यातही साहित्य, कला व विज्ञान यांच्यासाठी अपवाद आहे. माझ्या मते साहित्याच्या बाबतीत पोलीस ठाण्याची पायरी चढू नये. खप वाढतो आणि चर्चा वकिलांच्या हाती जाते.

'पाहू नका' असे कोणी म्हटलेच, तर आपण पाहिले आहे म्हणूनच बोलत आहोत, आणि ज्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याने कलावंताला संरक्षण मिळते त्यानेच टीकाकारालाही मिळते, एवढे सांगून आपल्या टिपणांतील पहिल्या दृश्याकडे वळावे.