पहिला व्हर्सिटी गेम: शिट्टी गळ्यात अडकवण्याआधी

अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलमध्ये शाळेचा मुख्य संघ म्हणजे व्हर्सिटी आणि त्याच्या खालचा जेव्ही. पंचगिरीला लागलेला माणूस आधी पोराटोरांचे आणि जेव्हीचे गेम करतो. मग एके दिवशी फोनवर पंचांना गेम वाटून देणाऱ्या आर्बिटर ॲपची सूचना येते: मंगळवार, संध्याकाळी सात, व्हर्सिटी. आपण 'ॲक्सेप्ट' दाबतो आणि पोटात गोळा येतो.

मला ती सूचना आली तेव्हा मी आठवडाभर नियमांचं पुस्तक घोकलं, दहावीच्या परीक्षेसारखं. गेममध्ये दुसऱ्या क्वार्टरला चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि माझे डोळेही त्याच्यामागे गेले. नेमक्या त्याच वेळी माझ्या समोर, बास्केटखाली, दोन दांडगी पोरं एकमेकांना रेटत होती. त्यातलं एक आडवं झालं. अख्ख्या जिमने पाहिलं, मी सोडून. कोच ओरडला नाही, फक्त म्हणाला, "सर, ते तुमच्याच समोर होतं." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणून माझ्या मते तयारीचा मोठा भाग नियम पाठ करण्यात नाही, डोळे कुठे ठेवायचे हे आधी ठरवण्यात आहे.

आठवडाभर आधी: डोळ्यांचा सराव

कुठे तीन पंच असतात, कुठे दोनच. तिघे असतील तर लीड बास्केटमागच्या रेषेवर, ट्रेल खेळाच्या मागे आणि सेंटर समोरच्या बाजूला. प्रत्येकाचा टापू ठरलेला. चेंडू तुमच्या टापूत नसेल तर तो तुमचा नाही, तुमची आहेत ती चेंडूविना धावणारी, सहकाऱ्यासाठी आडवं उभं राहून स्क्रीन लावणारी, रीबाउंडसाठी म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला जागा अडवणारी मुलं.

घरी कुठलाही हायस्कूल गेम लावा आणि मनाशी ठरवा, 'आज मी लीड.' मग पूर्ण एक क्वार्टर फक्त लेनमधली, म्हणजे बास्केटसमोरच्या आखलेल्या पट्ट्यातली गर्दी बघा. शॉट आत गेला की नाही याकडे लक्षच द्यायचं नाही. पहिल्या दिवशी हे दोन मिनिटंही जमत नाही. क्रिकेट बघत वाढलेल्यांना तर फारच जड जातं, कारण आपली नजर जन्मापासून चेंडूला बांधलेली.

नियम: सगळे नकोत, पण एवढे नक्की

टीव्हीवर शिकलेलं आधी पुसा. बहुतेक राज्यांत एनएफएचएसचे, म्हणजे हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय महासंघाचे नियम चालतात आणि ते एनबीए या व्यावसायिक लीगपेक्षा वेगळे आहेत. बास्केटखालचा तो अर्धगोल इथे नाही, त्यामुळे बचाव करणारा बास्केटच्या अगदी खाली उभा असला तरी त्याला चार्ज, म्हणजे धडकणाऱ्या आक्रमकाविरुद्धचा फाऊल, मिळू शकतो. त्याने चेंडूवाल्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून जागा घेतली की नंतर बाजूला किंवा मागे सरकायचा हक्क त्याला आहे. 'तो हलत होता, म्हणजे ब्लॉक', म्हणजे बचाव करणाऱ्याचा फाऊल, असं प्रेक्षक म्हणतात, पंचाने म्हणू नये. बघायचं एवढंच की शूटर हवेत झेपावण्याआधी त्याने ती वाट अडवली होती का.

'ओव्हर द बॅक' हा शब्द स्टँडमधून रात्रभर ऐकू येतो. त्या नावाचा फाऊल पुस्तकात नाही. उंच पोराने मागून हात वर करून, धक्का न लावता चेंडू घेतला तर तो त्याचा गुण. चेंडूवर असलेल्या हातावर फटका बसला तर तोही फाऊल नाही, तेवढ्यापुरता हात चेंडूचाच भाग.

उलट ड्रिबल करणाऱ्याच्या बाबतीत चार गोष्टी दिसल्या की शिट्टी वाजलीच पाहिजे: दोन्ही हात लावणं, हात आडवा धरून अडवणं, एक हात अंगावर ठेवून देणं आणि पुन्हा पुन्हा स्पर्श करणं. पहिल्या दोन मिनिटांत यातलं एक सोडलंत तर पुढची तीस मिनिटं गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारी पोरं, एकमेकांना ढकलतच राहतील.

आकडे थोडक्यात: आठ मिनिटांचे चार क्वार्टर, ओव्हरटाइम चार मिनिटांचा, खेळाडू पाचव्या फाऊलला बाहेर. 2023-24 पासून एनएफएचएसने जुना 'वन अँड वन' (पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा) काढला. आता संघाचे फाऊल दर क्वार्टरला नव्याने मोजतात आणि पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. राज्याराज्यांत फरक असतात, शॉट क्लॉकचा, म्हणजे शॉट घेण्याच्या वेळमर्यादेचा, तर नक्कीच, म्हणून आपल्या राज्याच्या संघटनेची सूचना वेगळी वाचून ठेवा.

बॅगेत काय

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट इस्त्री केलेला, काळी पँट, पॉलिश केलेले काळे बूट आणि दोन शिट्ट्या. शिट्टी बिनमण्याची घ्या. कॅनडाचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी मणी अडकून ऐन वेळी मुकी झाली, आणि त्यातूनच 1987 मध्ये फॉक्स 40 बाजारात आली. जिमच्या गोंगाटात तीच कानात घुसते.

गेमच्या दिवशी

तासभर आधी पोचा. जानेवारीत बर्फ असेल तर आणखी लवकर. लॉकर रूममध्ये जोडीदारांशी बोलणं हीच खरी तयारी. जुना पंच विचारेल, 'प्रेस आली, म्हणजे पूर्ण कोर्टभर दाबून बचाव सुरू झाला, तर कोण काय बघणार? क्वार्टर संपतानाचा शॉट कुणाचा? दोघांनी एकदम शिट्टी मारली तर?' शेवटच्याचं उत्तर पक्कं ठरवा: दोघांनी मूठ वर धरून थांबायचं, नजरानजर करायची आणि खेळ ज्याच्या टापूकडे येत होता त्याने निर्णय द्यायचा. एकाने ब्लॉक आणि दुसऱ्याने चार्ज दाखवला की मग देवच राखो. आपण नवखे आहोत हे लपवू नका, त्यांना ते आधीच माहीत असतं.

गेमच्या पंधरा मिनिटं आधी तुमचा अधिकार सुरू होतो. तेव्हा कोर्टवर जा, स्कोअररच्या टेबलच्या समोरच्या बाजूला उभे राहा आणि वॉर्म-अप बघा. गप्पा मारू नका. वॉर्म-अपमध्ये कुणी डंक केला, म्हणजे उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबला, तर तो टेक्निकल (गैरवर्तनाचा फाऊल), आणि गेम सुरू व्हायच्या आधीच टेक्निकल द्यावा लागणं कुणालाच आवडत नाही. कानातले, साखळ्या दिसल्या तर आत्ताच काढायला सांगा. दहा मिनिटं आधी खेळाडूंची नावं आणि नंबर स्कोअरच्या वहीत आलेच पाहिजेत. ते रेफ्री, म्हणजे मुख्य पंच, तपासतो, पण तुम्हीही नजर टाका.

टेबलवरच्या स्कोअररशी दोन गोड शब्द बोला. बहुधा ती शाळेतलीच कुणी शिक्षिका किंवा पालक असते, आणि रात्रभर तुमची अब्रू तिच्या हातात असते.

टेबलपाशी फाऊल सांगताना

हे आरशासमोर करून बघा. खेळाडूंच्या नंबरात फक्त शून्य ते पाच हे अंक असतात, कारण ते बोटांनी दाखवायचे असतात. दोन हातांनी दाखवताना दशक उजव्या हाताने आणि एकक डाव्या हाताने, म्हणजे समोरच्या स्कोअररला ते डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येतात. फाऊल झाला तिथे मूठ वर, खेळाडूकडे निर्देश, मग टेबलकडे या आणि थांबा. श्वास घ्या. मग रंग, नंबर, प्रकार. पळत पळत सांगितलेला नंबर हमखास चुकतो.

कोच

प्रश्न विचारला तर एका वाक्यात उत्तर द्या. 'नाही दिसलं, कोच' हेही उत्तर आहे, फक्त रात्रीतून एकदाच चालतं. शेरेबाजी असेल तर ऐकून सोडा. वैयक्तिक शिवी, किंवा हात नाचवत बॉक्सबाहेर, म्हणजे कोचसाठी आखलेल्या जागेबाहेर येणं, याला इशारा आणि मग टेक्निकल. टेक्निकल देताना तोंड वळवून चालू लागा, वाद घालत उभं राहू नका. डोक्याला मार लागून पोर गोंधळलेलं दिसलं तर मात्र कोचचं ऐकू नका, त्याला बाहेर काढा.

गेम संपला की सगळे पंच एकत्र बाहेर पडा. पार्किंग लॉटमध्ये कुणाशी चर्चा नको. घरी पोचल्यावर, जेवायच्या आधी, आपल्या वहीत चुका लिहा. माझ्या त्या रात्रीच्या पानावर तीन ओळी आहेत. पहिली त्या दुसऱ्या क्वार्टरची. दुसरी: '23 ऐवजी 32 दाखवला.' तिसरी: 'पाण्याची बाटली गाडीतच राहिली.'