गाडीनं उडवलं तर इंदूरमध्ये क्लेम कसा लावायचा

जिल्हा कोर्टात वकिलांकडे मुनशी म्हणून माझी हयात गेली. आता रिटायर झालो, तरी रामबागेतली मंडळी प्लास्टर घातलेला हात सांभाळत येतात आणि टेकायच्या आत विचारतात, "काका, किती मिळतील?" मी आधी दवाखान्याचा कागद मागतो.

जखमीला घेऊन गेलेला भाचा घाबरलेला असतो. डॉक्टर विचारतात, काय झालं? तो म्हणतो, "स्कूटरवरून पडले." कागदावर तेवढंच उतरतं आणि मागून ठोकणारी कार तिथंच गायब होते. पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद नाचवतो: गाडी मागाहून घुसवलीत! म्हणून दाखल करतानाच कुठल्या चौकात, कुठल्या वाहनानं, कुठून धडक दिली ते सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची दवाखान्यातली नोंद, झाली का ते विचारा.

एफआयआर ज्या हद्दीत अपघात झाला त्या पोलीस थान्यात. उशीर झाला असेल तर कारण त्यातच लिहवून घ्या. मग नक्शा मौका (अपघाताच्या जागेचा नकाशा), जप्ती पत्रक, गाडीची मेकॅनिकल तपासणी आणि चालान (पोलिसांचं आरोपपत्र) यांच्या नकला काढा. सगळं हिंदीत असतं, पण जप्ती पत्रकातला गाडीचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचा.

क्लेम, म्हणजे भरपाईचा दावा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली, ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांवर लावतात. अपघात देवासकडे झाला आणि तुम्ही इंदूरला राहता, तरी इथल्या ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टात, चालतो. 1 एप्रिल 2022 पासून मुदत सहा महिन्यांची आहे. प्लास्टर निघेपर्यंत थांबू नका.

चूक कोणाची हे न बघता कलम 164 खाली मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पण ही रक्कम घेतली की 166 ची केस संपते, तेव्हा घाईनं सही नको. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. बस, तेवढंच.

आता "किती मिळतील?" समजा, 42 वर्षांचा शिंपी आहे, महिन्याला 15 हजार कमावतो. स्वतःचा धंदा आणि चाळिशी ओलांडलेली, म्हणून पुढच्या वाढीचे 25 टक्के धरले की 18,750, वर्षाचे 2,25,000. वर्षाची कमाई वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात; या वयाला तो गुणक 14. उजव्या हाताचं अपंगत्व सर्टिफिकेटात 20 टक्के असेल आणि तेच धरलं, तर 6,30,000 होतात. पण कात्रीच धरता येत नसेल तर कामाचं नुकसान त्याहून मोठं. ट्रिब्युनलनं ते 40 टक्के मानलं तर 12,60,000! सुप्रीम कोर्टानं 2010 मध्येच सांगितलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं वेगळं. तेव्हा डॉक्टरांची साक्ष करवा आणि या हातानं कुठलं काम होत नाही ते त्यांच्या तोंडून वदवून घ्या. कमाईसाठी बँकेचं पासबुक, बिलबुक, गिऱ्हाइकांच्या मापांची वही, जे असेल ते आणा. इलाजाचा खर्च याउपर वेगळा, फक्त बिलं हवीत.

वकील मिळालेल्या रकमेत टक्केवारी मागत असेल तर ते त्यांच्या नियमात बसत नाही. फी आधी ठरवा. बायकांना तर उत्पन्न न बघता जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणातून वकील फुकट मिळतो.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते, मला ती आवडतेही. पण त्या निवाड्यावर अपील नाही. हातातली प्लेट काढायचं ऑपरेशन बाकी असेल, तर त्याचा अंदाजी खर्च डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि तो आकड्यात धरल्याशिवाय सही करू नका.