कोरड्या उंच डोंगरांतील पर्माफ्रॉस्ट: शोधताना, मोजताना आणि त्यावर बांधताना या चुका टाळा

लेहहून खारदुंग ला खिंडीकडे चढणारा रस्ता साउथ पुल्लूजवळ ४,७०० मीटरच्या आसपास पोहोचतो. उन्हाळ्यात तिथे दोन्ही बाजूंना धूळ, खडी आणि उघडे खडक एवढेच दिसते. बर्फ दिसत नाही म्हणजे जमीन गोठलेली नाही, हा पहिला चुकीचा निष्कर्ष बहुतेक जण इथेच काढतात. पर्माफ्रॉस्टची व्याख्या बर्फावर नव्हे, तापमानावर बेतलेली आहे. जी जमीन, मग ती माती असो, खडी असो की अखंड कातळ, सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली राहते, ती पर्माफ्रॉस्ट. तिच्यात पाण्याचा अंश नसला तरी व्याख्येला बाध येत नाही. लेहला वर्षभरात पाऊस आणि हिम मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडते; आपल्याकडे घाटमाथ्यावर जुलैतल्या एखाद्या दिवसात तेवढा पाऊस होऊन जातो. अशा प्रदेशातली गोठलेली जमीन सैबेरियातल्या दलदलीसारखी दिसेल अशी अपेक्षा करणेच चूक आहे.

याची उलट चूकही तितकीच सर्रास होते. हिवाळ्यात लेहच्या परिसरात कुदळ मारली तर ती टणत्कार करून परत येते, पण ती जमीन उन्हाळ्यात पूर्ण वितळते. अभियंते चेवांग नोर्फेल यांनी लडाखमध्ये उभारलेल्या कृत्रिम हिमनद्याही हिवाळ्यात पाणी अडवून, थरांवर थर गोठवून साठवलेला हंगामी बर्फ आहे. शेतीसाठी त्यांचे मोल मोठे आहे, पण त्यांचा पर्माफ्रॉस्टशी संबंध जोडू नये.

आता नकाशावरची चूक पाहू. लेहचे वार्षिक सरासरी तापमान घ्यायचे, दर हजार मीटरला साडेसहा अंश वजा करायचे आणि जिथे शून्य येईल तिथे समोच्च रेषा आखून तिच्यावर सगळीकडे पर्माफ्रॉस्ट आहे असे जाहीर करायचे, हा हिशेब सोपा असला तरी तो हवेचा आहे, जमिनीचा नाही. विरळ हवेतून आणि निरभ्र आकाशातून येणारे प्रखर ऊन दक्षिणेकडे तोंड असलेल्या उताराला हवेपेक्षा कितीतरी जास्त तापवते, तर त्याच डोंगराची उत्तरेकडची बाजू सावलीत राहते. आल्प्समधल्या उभ्या कड्यांवर उत्तर आणि दक्षिण बाजूंच्या वार्षिक सरासरीत सात-आठ अंशांपर्यंत फरक आढळला आहे. शिवाय मोठमोठ्या दगडांच्या राशीत थंड, जड हवा फटींतून खाली उतरून साचते, त्यामुळे शेजारच्या बारीक मातीपेक्षा ती रास बरीच थंड असू शकते. म्हणून एका उंचीची रेषा न आखता उताराची दिशा, सावली आणि पृष्ठभागाचा पोत यांनुसार शक्यतेचे पट्टे दाखवावेत.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र उसन्या पद्धतीची आहे. आल्प्समध्ये १९७० च्या दशकात स्विस संशोधक विल्फ्रीड हेबर्ली यांनी एक सुटसुटीत पद्धत रूढ केली. हिवाळ्याच्या उत्तरार्धात किमान ८० सेंटिमीटर हिमाखाली सळई खुपसून तळाचे तापमान पाहायचे. ते उणे तीनपेक्षा खाली असेल तर पर्माफ्रॉस्ट संभवतो, उणे दोन ते उणे तीन असेल तर शंकेला जागा आहे. तिचा सगळा आधार जाड हिमाच्या दुलईवर आहे. दुलईमुळे हवेतले चढउतार खाली पोहोचत नाहीत आणि तळाशी जमिनीचाच प्रभाव उरतो. कोरड्या डोंगरात हिम पातळ असते, वारा ते उडवून नेतो आणि उरलेल्यापैकी बरेचसे न वितळताच संप्लवनाने वाफ होऊन जाते. तिथे त्याच सळईने उणे नऊ दाखवले तर तो गेल्या काही रात्रींच्या थंडीचा पुरावा ठरतो, पर्माफ्रॉस्टचा नव्हे. दुलई नसल्याचा दुसरा परिणामही विसरू नये: उघडी जमीन हिवाळ्यात उष्णता सहज गमावते, त्यामुळे तेवढ्याच सरासरी हवामानात जाड हिमाखालच्या जमिनीपेक्षा ती अधिक थंड होऊ शकते.

म्हणून इथे जमिनीत पुरून वर्षभर तापमानाची नोंद ठेवणारी छोटी उपकरणे, म्हणजे डेटा लॉगरच कामाचे, पण ते पुरतानाही चुका होतात. स्वस्त लॉगरची अचूकता साधारण अर्ध्या अंशाची असते आणि आपला सगळा वाद शून्याच्या आसपासचा आहे. त्यामुळे पुरण्याआधी थर्मासमध्ये ऊर्ध्वपातित पाणी आणि त्याच पाण्याच्या बर्फाचा चुरा कालवून प्रत्येक लॉगर त्यात तासभर ठेवावा आणि तो शून्याऐवजी काय दाखवतो ते वहीत टिपावे. सेन्सर पृष्ठभागावर उघडा सोडू नये, अन्यथा तो जमिनीचे नव्हे, उन्हाचे मोजमाप करतो. किमान दहा सेंटिमीटर खोल पुरावा. आणि पृष्ठभागाजवळचा एकच लॉगर वा एकच वर्ष यांवर निकाल देऊ नये, कारण तीन मीटर खाली काय चालले आहे ते वरच्या नोंदीवरून फक्त अजमावता येते.

नोंदी संगणकावर उघडल्यावर पुढची अडचण येते. वसंतात आलेखाची रेघ शून्यावर आठवडेच्या आठवडे सपाट पडलेली दिसते आणि नवखा विद्यार्थी सेन्सर बिघडला असे समजून तेवढा भाग खोडून टाकतो. खरे तर त्या काळात आलेली उष्णता बर्फ वितळवण्यात, म्हणजे अप्रकट उष्म्यात, खर्ची पडत असते. ती सपाट रेघ हीच जमिनीत पाणी असल्याची खूण आहे. उलट कोरड्या खडीत रेघ शून्य ओलांडताना जराही थबकत नाही. तोही बिघाड नव्हे आणि पर्माफ्रॉस्ट नसल्याचा पुरावाही नव्हे, जमीन कोरडी आहे एवढाच त्याचा अर्थ.

जमिनीखाली बर्फ आहे का हे शोधण्यासाठी तिची विद्युत रोधकता (विजेला होणारा विरोध) मोजणाऱ्यांची फसगत वेगळी. बर्फाची रोधकता प्रचंड असते हे खरे, पण दगडांमधल्या हवेच्या पोकळ्यांचीही तशीच असते. इलेक्ट्रोडखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज ठेवून संपर्क सुधारला तरी ही संदिग्धता उरतेच. अशा वेळी भूकंपलहरींचा वेग तपासावा: पोकळ राशीत तो सेकंदाला काही शे मीटर असतो, तर बर्फात सुमारे साडेतीन हजार.

खडकी हिमनद्यांना, म्हणजे आत बर्फ धरून उतारावरून हळूहळू सरकणाऱ्या दगडांच्या राशींना, निर्जीव ढीग समजून त्यांतून रस्ता काढू नये. असा ढीग वर्षाला काही सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंत सरकतो. अर्जेंटिनाने २०१० च्या हिमनदी कायद्यात त्यांना जलसाठा म्हणून संरक्षण दिले, ते उगाच नव्हे.

बांधकामात तापलेली फरशी थेट जमिनीवर टाकणे, काळ्या डांबराखाली पातळ भराव घालणे आणि कडेच्या गटारात पाणी साचू देणे या तिन्ही चुकांमुळे उष्णता खाली जाते. तिबेटच्या पठारावरील, २००६ मध्ये सुरू झालेल्या गोलमुड-ल्हासा रेल्वेमार्गाचा सुमारे ५५० किलोमीटरचा भाग पर्माफ्रॉस्टवरून जातो. तिथे हवा खेळती राहील असे फोडलेल्या दगडांचे भराव, जमिनीतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या उभ्या नळ्या आणि काही ठिकाणी चक्क कोरड्या जमिनीवर पूल बांधले आहेत. काळ्या मातीत घर बांधलेल्या माणसाला फुगणारी-आकसणारी जमीन नवी नाही; इथे तोच खेळ ऋतुमानातल्या गोठण्यामुळे चालतो. रस्ता हिवाळ्यात फुगून उन्हाळ्यात मूळ पातळीवर येत असेल, तर बहुधा ते हंगामी गोठणे आहे. तो दरवर्षी थोडा थोडा खचत जाऊन परत वर येतच नसेल, तर खालचा बर्फ वितळत असल्याचा संशय घ्यावा. जमिनीत बर्फच नसेल तर ती वितळूनही फारशी खचत नाही, म्हणून डिझाइनआधी बर्फाचे प्रमाण ठाऊक हवे.

त्यासाठी ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचा खड्डा, जूनमध्ये खणू नये. तेव्हा साठ सेंटिमीटरवर लागलेला टणक थर गेल्या हिवाळ्याचाही असू शकतो. वरचा सक्रिय थर, म्हणजे दर उन्हाळ्यात वितळून हिवाळ्यात पुन्हा गोठणारा थर, सर्वाधिक खोल वितळलेला असतो तो उन्हाळ्याच्या अखेरीस, साधारण सप्टेंबरमध्ये. खड्डा तेव्हा खणावा. त्यातही पहाटे सुरुवात करावी, गोठलेला नमुना लागताच हवाबंद पिशवीत भरून त्याच जागी वजन करावे आणि ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वजन घ्यावे. नमुना दुपारपर्यंत उन्हात राहिला, तर त्या कोरड्या हवेत त्यातला बर्फ मोजण्याआधीच उडून गेलेला असतो.